नौकेवरची रेषा कोणी ओढायची?

नौकाविहाराची होडी बुडाली की आपल्या राज्ययंत्रणेची दिनचर्या ठरलेली असते. त्याच सायंकाळी शोकसंदेश निघतो आणि मृतांच्या वारसांना द्यावयाच्या रकमेचा आकडा जाहीर होतो. दुसऱ्या दिवशी होडीचा तांडेल, तो वाचला असेल तर, आणि धक्क्यावर तिकिटे फाडणारा पोरगा पोलीस कोठडीत जातात. तिसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली जाते आणि सुरक्षेची नियमावली अद्ययावत करण्याचे आश्वासन देण्यात येते. मग काही आठवडे धक्क्यावर लाइफ जॅकेटांचे ढीग दिसतात, खाकी वर्दी फिरते, आणि पुढचा सुट्ट्यांचा हंगाम येईपर्यंत सारे पूर्ववत होते.

नियमावली अद्ययावत व्हावी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु अद्ययावत करावयाचे ते नेमके काय, हा प्रश्न टाळला जातो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, आपल्या नियमांत उणीव शब्दांची नाही. नौकेत किती माणसे बसावीत हे धक्क्यावर प्रत्यक्ष जो ठरवितो, त्यालाच अधिक माणसे बसविण्यात लाभ आहे, ही खरी खोट आहे. ती खोट तशीच ठेवून शंभर पानांची नियमावली केली, तरी बुडणाऱ्याला तिचा काडीचाही आधार होणार नाही.

प्रथम घटनांकडे पाहू. कोकणच्या माणसाला बोटीच्या अपघाताची नवलाई सांगण्याचे कारण नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. ती प्रवासी वाहतूक होती, पोटासाठी करावा लागणारा प्रवास होता. आजचे मरण सहलीला गेलेल्यांचे आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळात थेक्कडीच्या पेरियार जलाशयात ‘जलकन्यका’ ही पर्यटक नौका उलटून ४५ माणसे गेली. १५ सप्टेंबर २०१९ रोजी, गोदावरीला पूर असताना, आंध्र प्रदेशात पापीकोंडलूच्या डोंगरांकडे निघालेली ‘रॉयल वशिष्ठ’ बुडाली आणि सुमारे ५० पर्यटकांना व कर्मचाऱ्यांना जलसमाधी मिळाली. २४ मे २०२२ रोजी आपल्याच मालवण तालुक्यात, तारकर्लीला, समुद्र पाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटून दोघे मृत्युमुखी पडले. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे सूर्यास्तानंतर निघालेली नौका उलटली आणि २२ जण गेले. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती. ती नौका मुळात मासेमारीची होती, तिलाच वर मजला चढवून पर्यटकांची नौका करण्यात आली होती. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीला आलेली १२ मुले आणि त्यांच्या दोन शिक्षिका बुडाल्या. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या ‘नीलकमल’वर नौदलाची एक वेगवान नौका आदळून १५ जणांचा अंत झाला.

या घटना एका माळेत ओवताना न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. ‘नीलकमल’ला धडक देणारी नौका इंजिनाच्या चाचणीवर होती आणि ती शासनाच्याच नौदलाची होती. पर्यटक लाँचच्या वाटेवर अशा चाचण्या का व्हाव्यात, याचे उत्तर लाँचमालकाने नव्हे, शासनाने द्यावयाचे आहे. परंतु त्या लाँचला परवानगी होती ८४ प्रवाशांची आणि ६ खलाशांची. प्रत्यक्षात तिच्यावर शंभराहून अधिक माणसे होती. लाइफ जॅकेट अंगावर असल्याविना प्रवाशाला नेऊ नये, या सक्तीची आठवण अधिकाऱ्यांना झाली ती प्रेते धक्क्याला लागल्यानंतर. हरणी तलावातही क्षमतेच्या दुपटीच्या आसपास माणसे होडीत होती आणि बहुतेक मुलांच्या अंगावर जॅकेट नव्हते. तानूरलाही परवान्यातील आकड्याहून कितीतरी अधिक माणसे भरलेली होती. पाणी निराळे, राज्य निराळे, नौका निराळ्या. वाढीव माणसांचा हिशेब मात्र सर्वत्र एकच.

हा हिशेब समजून घेण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. समजा, एका होडीची क्षमता २० माणसांची आहे आणि तिकीट १०० रुपयांचे. डिझेल, तांडेलाची मजुरी, ठेकेदाराला द्यावयाचा हिस्सा, कर्जाचा हप्ता हा सारा खर्च २० माणसांच्या फेरीतून निघतो. एकविसाव्या माणसाला नेण्यासाठी मालकाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. उत्पन्न मात्र पुरे १०० रुपयांचे होते. दहा माणसे अधिक घेतली की फेरीमागे १,००० रुपये निव्वळ हाती येतात. या जादा दहा माणसांमुळे जो धोका वाढतो, तो मालकाच्या जमाखर्चात कोठेही लिहिला जात नाही. तो होडीतील तीसही जणांच्या वाट्याला येतो. फायदा एकाचा आणि जोखीम तिसांची, अशी ही वाटणी आहे. तिला आळा घालणारा दंड जर वर्षाकाठी एखाद्या वेळी आणि तोही किरकोळ होत असेल, तर तो दंड राहत नाही, धंद्याचा एक नेहमीचा खर्च होतो. त्यात आपल्या किनाऱ्याचा हंगाम आखूड. पावसाळ्यात समुद्र बंद; वर्षाची कमाई दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांत करावयाची. शेजारच्या होडीने तीस माणसे घेतली आणि मी वीसच घेतली, तर प्रामाणिकपणाबद्दल मला दररोज दंड भरावा लागतो. स्पर्धेचा नियमच असा की, ती सचोटीच्या मालकाला एक तर बेइमान करते, नाही तर धंद्यातून उठविते. म्हणून क्षमतेबाहेर माणसे भरणे हा एखाद्या लोभी इसमाचा दुर्गुण मानून त्याला नीतिपाठ देत बसणे व्यर्थ आहे. तो या व्यवस्थेचा स्वाभाविक परिपाक आहे.

येथे बाजाराचे भक्त एक युक्तिवाद पुढे करतील. पर्यटक काही बळजबरीने होडीत बसविला जात नाही. तो सज्ञान आहे, आपल्या मर्जीने जातो. होडी भरलेली दिसली तर उतरावे, दुसरी पाहावी. शासनाने मध्ये कशाला पडावे? हा युक्तिवाद वरवर सुटसुटीत दिसतो, परंतु पाण्यावर तो टिकत नाही. भाजी घेणारा गृहस्थ वांगे कीडके आहे की नाही हे पाहून घेऊ शकतो. होडीत बसणाऱ्याला काय दिसते? रंगविलेली बाजू दिसते, झालर लावलेले छत दिसते. तळाची फळी किती कुजली आहे, मूळ बांधणीवर मागाहून किती वजन चढविले आहे, तांडेलाकडे दाखला आहे की नाही, हे त्याला दिसत नाही. नौका नुसत्या वजनाने बुडत नाही. ते वजन किती उंचावर आणि कोणत्या बाजूला आहे, यावर तिचे तरणे अवलंबून असते. थेक्कडीची नौका दुमजली होती आणि नवी होती. काठावर आलेली जनावरे पाहण्यासाठी माणसे एका बाजूला धावली आणि ती कलंडली. जनावरे दिसली की माणसे त्या बाजूला धावणारच. त्यासाठीच तर ती तिकीट काढून आलेली असतात. हे गृहीत धरून नौका बांधणे आणि तपासणे हे प्रवाशाचे काम नव्हे. आणि हरणी तलावातील त्या शाळकरी मुलांना कोणते ग्राहकस्वातंत्र्य होते, हेही या भक्तांनी एकदा सांगावे.

हा झगडा नवा नाही. भांडवलशाहीच्या माहेरघरी, इंग्लंडात, तो दीडशे वर्षांपूर्वी झाला. तेथील जहाजमालक जुनाट जहाजे खच्चून भरीत आणि त्यांचा भरभक्कम विमा उतरवीत. जहाज पोहोचले तर भाडे मिळे, बुडाले तर विमा. खलाशी त्या जहाजांना शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिमसॉल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने १८७३ साली या प्रकारावर पुस्तक लिहून देश हलविला. १८७५ साली सरकार विधेयक गुंडाळू लागले, तेव्हा त्याने भर सभागृहात मालकांच्या पाठीराख्यांना बदमाश ठरविले. अखेर १८७६ च्या कायद्याने प्रत्येक जहाजाच्या कुशीवर भाररेषा रंगविण्याची सक्ती झाली: ही रेषा पाण्याखाली जाईल इतका माल भरावयाचा नाही. विजय झाला, असे सर्वांना वाटले. पण त्या कायद्यात एक मोठी मेख होती. रेषा काढण्याची सक्ती होती. ती जहाजावर कोठे काढावयाची, हे मात्र मालकानेच ठरवावयाचे होते! रेषेची जागा सरकारने निश्चित करावी, यासाठी १८९० साल उजाडावे लागले. त्या चौदा वर्षांत कायदा होता, रेषा होती, रंगही होता. नव्हता तो मालकाहून वेगळा असा रेषा ओढणारा हात.

आपली नियमावली आज त्याच चौदा वर्षांत उभी आहे. कागदोपत्री क्षमता सरकार ठरविते; धक्क्यावर ती ज्याच्या खिशात तिकिटाचे पैसे पडतात तो ठरवितो.

नियम जुने होतात, हेही खरे आहे, आणि ते अद्ययावत करण्याचे महत्त्व मी नाकारीत नाही. ‘टायटॅनिक’ जहाजावर माणसे होती सुमारे २,२०० आणि जीवरक्षक होड्यांत जागा होती ११७८ जणांची. हा नियमभंग नव्हता. १८९४ च्या ब्रिटिश नियमांचे कोष्टक दहा हजार टनांवर संपत होते. ‘टायटॅनिक’ ४६ हजार टनांचे होते. नियमाप्रमाणे १६ होड्या पुरेशा होत्या, मालकांनी २० ठेवल्या होत्या. म्हणजे कायद्याने मागितले त्याहून अधिक देऊनही १९१२ साली सुमारे १,५०० माणसे बुडाली. जहाजे वाढत गेली, कोष्टक मात्र अठरा वर्षे तेथेच राहिले.

आपल्या देशात हा उशीर अठरा वर्षांचा नव्हता. अंतर्देशीय जलमार्गांवरील यांत्रिक नौकांचा कायदा इंग्रजांनी १९१७ साली केला, आणि अधूनमधून ठिगळे लावीत तो एका शतकाहून अधिक काळ चालविला गेला. नवा कायदा २०२१ साली झाला व ७ जून २०२२ पासून अमलात आला. नौकांची नोंदणी, तपासणी, कर्मचाऱ्यांची पात्रता, विमा या सर्वांची तरतूद त्यात आहे; वल्ह्यांच्या आणि शिडाच्या होड्यांचीही दखल त्याने घेतली आहे. त्याच्या आधी, २०१७ साली, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नौका-सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. आता सनावळी पाहावी. तत्त्वे २०१७ ची. गोदावरीची दुर्घटना २०१९ ची. कायदा २०२२ पासून अमलात; तानूर २०२३ चे, हरणी २०२४ च्या जानेवारीतले. कागदाच्या अभावी ही माणसे मेली, असे कोणाला म्हणता येईल काय? याच नव्या कायद्यात नौकामालकाच्या दायित्वाला मर्यादा घालण्याचीही तरतूद आहे. मालवाहू जहाजांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातील ही जुनी रीत आहे; परंतु तलावावर मुले फिरविणाऱ्या ठेक्याला तिचे संरक्षण कशासाठी?

केंद्राचा कायदा झाला तरी तपासनीस नेमणे, नोंदणी करणे, परवाने देणे ही कामे राज्यांची आहेत. म्हणून खरी लढाई राज्यांच्या नियमांत आहे. महाराष्ट्राकडे पाहावे. गेटवे, मालवण, मुरूड-जंजिरा येथे समुद्र. महाबळेश्वरी वेण्णा तलाव. तापोळ्याला कोयनेचा जलाशय. नाशिकला गंगापूर धरण. पाण्याची मालकी कोठे पाटबंधाऱ्यांची, कोठे नगरपालिकेची. बंदरे सागरी मंडळाची. साहसी पर्यटनाचे धोरण २०२१ पासून पर्यटन खात्याचे. आणि प्रेत वर आले की पंचनामा पोलिसांचा. इतके धनी असलेल्या होडीला वाली कोणीच नसतो. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जी संस्था ठेका देते, परवान्याची फी घेते, पर्यटकांची संख्या वाढल्याचा अहवाल अभिमानाने छापते, तिच्याकडेच तपासणीचेही काम असेल, तर तिच्या एका हाताला दुसऱ्या हाताने मारावे लागेल. असे हात सहसा मारीत नाहीत. हरणी तलाव महापालिकेचा होता आणि तिने तो भागीदारीच्या गोंडस नावाखाली खाजगी कंपनीला दिला होता. तलावाचे उत्पन्न ठेक्याने देता येते. तलावात बुडणाऱ्या मुलाची जबाबदारी ठेक्याने देता येत नाही.

यावर समाजवादी वाचक सहजच म्हणतील, की मग नौकाविहार सार्वजनिक मालकीचा करावा, म्हणजे प्रश्न सुटला. तत्त्वतः मला ते मान्य आहे, परंतु तेवढ्याने प्रश्न सुटत नाही हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. थेक्कडीची ‘जलकन्यका’ केरळच्या राज्य पर्यटन महामंडळाची होती. तेथे खाजगी मालक नव्हता. तरीही ४५ माणसे बुडाली. सरकारी महामंडळ जेव्हा नफ्याच्या कोष्टकावर चालते आणि स्वतःच स्वतःची तपासणी करते, तेव्हा पाण्याला मालकीतला फरक कळत नाही. धंदा चालविणारा आणि तपासणी करणारा यांत फारकत हवी. ती सार्वजनिक क्षेत्रातही तितकीच हवी.

दुसरा एक धोका याहून सूक्ष्म आहे. सुरक्षेच्या नावाने होणारी प्रत्येक सुधारणा लहान माणसाच्या गळ्याशी येते, हा आपला अनुभव आहे. ठेव इतकी, विमा इतका, नौका अमुक मापाची, अशा अटी घातल्या की वेण्णा तलावावरचा वल्हवणारा, मालवणचा गाबीत किंवा राजापुरीहून जंजिऱ्याला शिडाची होडी नेणारा कोळी धक्क्यावरून उठतो आणि सारा तलाव, सारा किनारा एका बड्या ठेकेदाराच्या हाती जातो. त्या ठेकेदाराच्या होड्या चकचकीत असतात, हे खरे. परंतु वर मांडलेला एकविसाव्या माणसाचा हिशेब तोही करतो, आणि पकडला गेला तर त्याच्याकडे वकील अधिक चांगला असतो. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वारा ओळखला, त्यांना सुरक्षेच्या नावाने हाकलणे ही सुरक्षा नव्हे, मक्तेदारी आहे. उलट, त्यांच्याही होडीत लाइफ जॅकेट नसेल, तर गरिबीची सबब चालणार नाही. गरिबाच्या होडीत बुडालेले मूल गरिबाचेच असण्याचा संभव अधिक.

तेव्हा अद्ययावत नियमावलीत काय असावे? प्रथम, तिकीटविक्री होडीवाल्याच्या हातून काढून धक्क्यावरील सार्वजनिक खिडकीवर आणावी. प्रत्येक होडीची क्षमता तिच्या कुशीवर आणि त्या खिडकीवर मराठीत, ठळक आकड्यांत रंगवावी. तेवढी तिकिटे संपली की खिडकीने त्या फेरीचे तिकीट देऊ नये. होड्यांच्या फेऱ्या पाळीने लावाव्यात. म्हणजे एकविसाव्या माणसाचे १०० रुपये मालकाच्या खिशात जाण्याची वाटच बंद होईल, आणि सचोटीचा मालक उपाशी राहणार नाही. दुसरे, तपासनीस ठेका व परवाना देणाऱ्या खात्यांपासून स्वतंत्र असावेत, त्यांची संख्या धक्क्यांच्या संख्येशी बांधलेली असावी, आणि त्यांनी केलेल्या तपासणीचा दाखला धक्क्यावर लावलेला असावा. तिसरे, तांडेलाला फेरीमागे वा माणशी हिस्सा न देता महिन्याचा पगार द्यावा आणि वारा वाढला, अंधार पडला किंवा माणसे अधिक झाली तर नौका न सोडण्याचा हक्क त्याला कायद्याने असावा. आज नकार दिला तर त्याची नोकरी जाते आणि होकार दिला तर तो तुरुंगात जातो. चौथे, दुर्घटना घडल्यास मालकाबरोबर ठेका देणाऱ्या संस्थेचेही दायित्व असावे, आणि मनोरंजनाच्या नौकांपुरती दायित्वाची मर्यादा काढून टाकण्याची मागणी राज्याने केंद्राकडे करावी. पाचवे, लहान होडीवाल्यांच्या सहकारी संस्थांना जॅकेटे, दुरुस्ती आणि विमा यांसाठी अल्प व्याजाचे कर्ज द्यावे; मात्र पुढे अटी सर्वांना सारख्याच असाव्यात.

याला पैसा लागेल. तिकीट काही रुपयांनी महाग होईल, तपासनिसांचे पगार राज्याच्या तिजोरीतून जातील, आणि पर्यटन मारले जात आहे अशी ओरड होईल. ती ओरड करणाऱ्यांना एवढेच विचारावे, की आजचे स्वस्त तिकीट कोणाच्या खर्चाने स्वस्त आहे? सुरक्षेचा खर्च आजही होतोच. फरक इतकाच, की तो तिकिटाच्या खिडकीवर न घेता काही थोड्या कुटुंबांकडून एकरकमी वसूल केला जातो. हरणी तलावाच्या काठी त्या मुलांच्या घरांनी तो भरला आहे. वारसांना दिलेली मदत ही त्या वसुलीची पावती होय, परतफेड नव्हे.

प्लिमसॉलच्या देशाला रेषा ओढणारा हात बदलण्यासाठी चौदा वर्षे लागली. आपल्याकडील रेषा आजही ज्याला ती बुडविण्यात लाभ आहे त्याच्याच हाती आहे. पुढील अधिवेशनात आपल्या आमदाराला प्रत्येक नागरिकाने एकच प्रश्न विचारावा: आपल्या मतदारसंघातील धक्क्यावर माणसे कोण मोजतो, आणि तिकिटाचे पैसे कोणाच्या खिशात जातात? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच माणसाचे नाव असेल, तर नियमावली अद्ययावत झालेली नाही, असे खुशाल समजावे.